गुडघ्याखालचं माप

त्याला सगळे पायकर म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. अकरा वर्षं तो लोकांना कृत्रिम पाय बनवून देत होता; पहिल्या नोकरीतल्याच कुणा टवाळ माणसानं हे नाव त्याला चिकटवलं, आणि ते असं चिकटलं की लग्नानंतर सासरेसुद्धा "हे आमचे पायकर" अशी ओळख करून द्यायला लागले. नावाचं त्याला काही वाटत नसे. वाटे ते नोकऱ्यांचं. अकरा वर्षांत पाच ठिकाणं झाली होती आणि पाचही ठिकाणी तो तात्पुरता होता. माणूस इतकी वर्षं तात्पुरता राहिला की घरातसुद्धा तात्पुरताच होतो. चार वर्षं तो, बायको आणि मुलगी मेहुण्याच्या घरी मागच्या खोलीत राहत होते. मेहुणा भला माणूस. त्याची बायकोही कधी टाकून बोलली नाही. फक्त कुणी पाहुणे आले की घर दाखवता दाखवता ती म्हणायची, "आणि ही मागची खोली. इथे सध्या ही मंडळी आहेत." त्या 'सध्या'नंतर पायकराची बायको त्या दिवशी अर्धपोटीच उठायची.

सहावी नोकरी मास्तरांकडे होती. मास्तर सत्तरीचे. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर, दोन खोल्यांची त्यांची कार्यशाळा. पुढच्या खोलीत त्यांची विधवा सून शिलाई मशीनवर पायांचे पट्टे शिवायची, आल्यागेल्याशी बोलायची आणि कार्डं भरायची. मागच्या खोलीत प्लास्टरची पोती, प्लास्टिक तापवायची भट्टी, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले अर्धेमुर्धे पाय. प्रत्येक पायाला दोऱ्यानं बांधलेलं एक कार्ड. खोलीच्या मधोमध धरून चालायला दोन समांतर दांड्या होत्या. चाळीस वर्षांत त्या लोकांच्या तळव्यांनी घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

मास्तरांचा एकच नियम होता आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. ज्यानं माप घेतलं त्यानंच तो पाय शेवटपर्यंत करायचा. साचा त्याचा, सॉकेट त्याचं, पहिली ट्रायल त्याची. सॉकेट म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोल वाटी. मास्तर म्हणायचे, "माप काय, टेपही घेते. पण माणूस हाताला लागलेला असतो, तो कार्डावर येत नाही." आता त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी पायकराला ठेवून घेतलं. ठेवताना कागद केला नाही. एवढंच म्हणाले, "जायचं झालं तर महिनाभर आधी सांग. अर्धवट पाय टाकून जाऊ नकोस." पायकर म्हणाला, "असं कसं होईल मास्तर?" आणि तेव्हा तो मनापासूनच म्हणाला होता.

पाचव्या आठवड्यात टपालबाई आल्या.

चाळिशीच्या, अंगानं काटक, बोलायला फटकळ. चौदा वर्षं घरोघरी टपाल वाटत होत्या. सहा महिन्यांपूर्वी एक ट्रक त्यांच्या डाव्या पायावरून गेला. पहिला डॉक्टर म्हणाला, मांडीतून काढावा लागेल. दुसऱ्यानं धडपड करून, खालून थोडं थोडं कापत, गुडघा वाचवला. ज्याचा गुडघा शाबूत आहे तो कृत्रिम पायावर जिने चढतो, बस पकडतो, दिवसभर चालतो. ज्याचा गुडघा गेला त्याची प्रत्येक पायरी ही एक मोहीम होऊन बसते. टपालबाईंच्या रोजच्या टपालाच्या वाटेवर सतरा इमारती होत्या आणि लिफ्ट त्यातल्या दोनच इमारतींना. कचेरीनं त्यांना एक तारखेपर्यंत मुदत दिली होती. एक तारखेला साहेबासमोर तीन जिने चढून दाखवायचे; जमलं तर वाट परत मिळणार, नाहीतर घरी बसायचं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. आई अंथरुणाला खिळलेली आणि भाऊ असून नसल्यासारखा.

पायकरानं त्यांना स्टुलावर बसवलं आणि उरलेल्या पायावर अंगठा दाबत विचारायला सुरुवात केली. हे कामच असतं. कुठे हाड वर आलंय, कुठे शीर दुखरी आहे, ते शोधायचं आणि तिथे सॉकेट मोकळं ठेवायचं.

"इथे दुखतं?"

"नाही हो."

"इथे?"

"छे."

"आणि इथे, बाहेरच्या बाजूला?"

"काही नाही. तुम्ही खुशाल दाबा. टपालवाल्यांना कुत्री चावतात, तेव्हासुद्धा मी सही घेऊनच हलते."

पायकर हसला. पण मान खाली असल्यानं त्याला एक गोष्ट दिसली. बाहेरच्या बाजूला अंगठा टेकला की टपालबाईंच्या चांगल्या पायाची बोटं चपलेत आवळली जात होती, चप्पल चुरगळेल इतकी. त्यानं अंगठा काढला, बोटं सुटली. पुन्हा टेकवला, पुन्हा आवळली. वर चेहरा होता तसाच, हसरा.

"बाई," तो म्हणाला, "तोंडानं खोटं बोलताय. तुमच्या पायाची बोटं खरं सांगतायत."

टपालबाईंनी झटकन चप्पल मागे ओढली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दुखतं म्हटलं की कापतात. पहिल्यांदा मी घोटा दुखतो म्हणाले, तर पाऊल गेलं. मग नडगी दुखते म्हणाले, तर नडगी गेली. आता मी कुणालाच काही दुखतं म्हणून सांगत नाही. हा गुडघा माझा आहे."

"मी कापणारा नाही हो. मी बनवणारा."

"ते बरोबर आहे. पण जिभेला सवय लागली."

त्यानंतर पायकरानं त्यांना एकदाही दुखतं का म्हणून विचारलं नाही. खाली बघत राहिला आणि चांगल्या पायाच्या बोटांवरून अख्खं माप घेतलं. दुखऱ्या जागा पेन्सिलीनं कातडीवर आखल्या, त्यावर प्लास्टर गुंडाळलं, साचा उतरवला. टपालबाई जाताना म्हणाल्या, "बुधवारी ट्रायलला येते. तुम्ही असणार ना?" तो म्हणाला, "मी नसून कोण असणार?"

फोन आला तो त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी. दोन वर्षांपूर्वी त्यानं मोठ्या इस्पितळाच्या कृत्रिम अवयव विभागात मुलाखत दिली होती आणि प्रतीक्षायादीत तिसरा राहिला होता. इतक्या दिवसांत तो ते विसरूनही गेला होता. यादीतला पहिला नोकरी सोडून गेला, दुसऱ्यानं नको म्हटलं. कायम जागा, निवृत्तिवेतन, आवारातच दोन खोल्यांचं घर. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हा, नाहीतर चौथ्याला बोलावतो. फोनवरची बाई हे सगळं असं वाचून दाखवत होती की जणू त्याच्यावर कंटाळवाणी शिक्षाच बजावतेय.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळपाटाशी उभी होती. तिनं लाटणं खाली ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन माळ्यावरची ट्रंक ओढून काढली. धूळ पुसायलासुद्धा थांबली नाही. मुलीनं विचारलं, "आपण जायचं?" बायको म्हणाली, "हो. आणि परत नाही यायचं." तिचा चेहरा पाहिल्यावर पायकराच्या मनात जे महिनाभराच्या शब्दाचं चाललं होतं ते तो बोललाच नाही. आणि बोलला असता तरी तिनं काय सांगितलं असतं ते त्याला ठाऊक होतं. ते ऐकायचीही त्याला गरज नव्हती. तो मनातून केव्हाच निघालेला होता.

शुक्रवारी त्यानं मास्तरांना सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं, चार शब्द ऐकून घेऊन सुटता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कायम आहे?"

"हो, मास्तर."

"घरही देतात?"

"दोन खोल्या."

"मग जा बाबा. मी कोण अडवणारा? फक्त उद्या येऊन पाय समजावून दे. किती आहेत तुझे?"

"चार."

शनिवारी दुपारी त्यानं एकेक पाय खिळ्यावरून काढून मास्तरांपुढे ठेवला. सून कार्डं वाचून दाखवत होती, मास्तर मान डोलवत होते. पहिले तीन भराभर झाले. चौथा टपालबाईंचा. साचा घासून तयार होता, त्यावर तापलेलं प्लास्टिक ओढून सॉकेट करायचं राहिलं होतं. दुखऱ्या जागा साच्यावर आखलेल्या होत्या, मापं चोख होती; पण सॉकेट कुठे बोचतंय ते पायावर भार पडल्यावर, ट्रायललाच कळतं. मास्तरांनी साचा हातात घेतला, थरथरत्या बोटानं वरून खाली चाचपला आणि म्हणाले, "काम नेटकं आहे. ट्रायल बुधवारी ना? घेतो मी. या बाईचं आणखी काही?"

आता त्या वेळी पायकराच्या जिभेवर काय होतं ते त्याला पुढे जन्मभर आठवणार होतं. वाक्य तयार होतं: मास्तर, हिला दुखतं का विचारू नका, ही नाहीच म्हणणार, हिच्या दुसऱ्या पायाच्या बोटांकडे बघा. एवढंच. घोटभर चहा प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण तो मास्तरांना ओळखून होता. हे ऐकलं की ते साचा खाली ठेवणार आणि म्हणणार, "मग ही तुझ्याच हाताला लागलेली आहे. बुधवारी येऊन ट्रायल तूच घे." आणि नव्या नोकरीत तिसऱ्याच दिवशी रजा कुठल्या तोंडानं मागायची? बाहेर मेहुणा टेम्पो घेऊन आला होता. टेम्पोत ट्रंक होती, गाद्या होत्या, गाद्यांवर मुलगी बसली होती. मेहुण्यानं हॉर्न वाजवला.

"नाही," पायकर म्हणाला. "सगळं कार्डावर आहे."

मास्तरांनी कार्ड पुन्हा दोऱ्यानं बांधलं. सून दारापर्यंत आली, म्हणाली, "अधूनमधून येत जा." तो हो म्हणाला आणि निघाला.

नवी नोकरी खरोखरच चांगली होती. खोटं कशाला बोलायचं? काचेच्या खिडक्या, माप घेणारं यंत्र, हात धुवायला गरम पाणी. विभागप्रमुख बाई कडक पण न्यायी. घराच्या दोन्ही खोल्यांत ऊन येई. बायकोनं पहिल्याच दिवशी जुन्या साडीचे पडदे लावले आणि दारावर नाव लिहायला रंग मागवला. रात्रीचं जेवण ती आता पोटभर जेवायला लागली.

बुधवार आला. अकरा वाजता ट्रायल, हे त्याला माहीत होतं. साडेदहाला तो फोन घेऊन जिन्यात गेला. मास्तरांचा नंबर काढला. काय म्हणायचं ते मनात जुळवलं, आणि जुळवताना त्याच्या लक्षात आलं की आता ते वाक्य शनिवारइतकं सोपं राहिलेलं नाही. आता त्यात आणखी एक वाक्य घालावं लागणार होतं: शनिवारी मी हे मुद्दाम सांगितलं नाही. तो नंबराकडे बघत राहिला. खालून हाक आली, नवा पेशंट आलाय. फोन खिशात गेला. जेवणाच्या सुट्टीत करू म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत वाटलं, आता तर ट्रायल झालीसुद्धा असेल. मास्तर चाळीस वर्षांचे जाणकार, त्यांना का कळणार नाही? माणसाला स्वतःला फसवायचं असलं की दुसऱ्याच्या अनुभवाबद्दल एकदम आदर वाटायला लागतो.

दहा दिवसांनी मात्र त्यानं फोन केलाच. सुनेनं उचलला. "टपालबाई ना? अहो, एकदम छान! पाय असा बसला म्हणता! मामंजींनी पाच-पाच वेळा विचारलं, कुठे दुखतंय का, टोचतंय का. बाई म्हणाल्या, मुळीच नाही. एक तारखेला तीन जिने चढल्या, वाट मिळाली त्यांना. पेढे घेऊन आल्या होत्या."

पायकराचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी तो मुलीला खांद्यावर बसवून अख्ख्या आवारात फिरवून आला. 'मुळीच नाही' हे उत्तर त्यानं ऐकलं होतं. ऐकून त्याला ती चपलेत आवळलेली बोटंही आठवली होती. पण तीन जिने, वाट, पेढे एवढं त्याच्यावर येऊन पडल्यावर ती बोटं तो विसरून गेला.

अडीच महिन्यांनी, सकाळच्या पाळीत, विभागप्रमुखांनी एक फाईल त्याच्या टेबलावर ठेवली. स्त्री, वय एक्केचाळीस. डावा पाय, मांडीतून. जखम चिघळून हाडापर्यंत गेली, गुडघा वाचवता आला नाही. वर नाव होतं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि मग दाराकडे पाहिलं. चाकाच्या खुर्चीत टपालबाई बसल्या होत्या. अर्ध्या उरल्या होत्या.

"अरे, पायकर!" त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं, इथे तुम्ही भेटाल. तुमची इथली नोकरी पक्की झाली म्हणे. बरं झालं. अशी संधी आली की मागेपुढे बघू नये."

तो खुर्ची ओढून समोर बसला. त्यांनीच सांगायला सुरुवात केली, विचारावं लागलं नाही. पहिल्या दिवसापासून बाहेरच्या बाजूला दुखत होतं. ट्रायललाच दुखत होतं. पण ट्रायलला दुखतं म्हटलं असतं तर मास्तरांनी सॉकेट परत भट्टीत घातलं असतं, आणि एक तारीख निघून गेली असती. मग वाट मिळाली, मग तर सांगायचा प्रश्नच नव्हता. एकोणीस दिवस त्यांनी टपाल वाटलं. सतरा इमारती, रोज. कातडी फुटली तेव्हा कापड बांधलं. कापड भिजायला लागलं तेव्हा दोन बांधली. शेवटी कचेरीत शेजारी बसणारा वर्गीकरणवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, बाई, कसला वास येतोय?

"चूक माझीच," त्या म्हणाल्या. "ज्या भीतीनं गप्प बसले, तेच झालं. आता हसू येतं मला." त्यांना हसू आलेलं नव्हतं.

"आणि वाट?" त्यानं विचारलं.

"दिली दुसऱ्याला. मला टेबल देतो म्हणतात. बघू." मग त्या पुढे झुकल्या. "माझं सोडा. मास्तरांचं बघवत नाही हो. इस्पितळात मला बघायला आले होते. माझ्या पायाशी उभे राहून रडले. चाळीस वर्षांत एक पाय असा नासला नव्हता म्हणाले, आता माझे हात गेले. त्यांनी काम बंद केलंय. कार्यशाळेला कुलूप आहे. सून दुसरीकडे शिवायला जाते."

पायकराच्या हातातली टेप नुसतीच लोंबत होती.

"मी त्यांना सांगितलं, तुमचा काही दोष नाही, मीच खोटं बोलत होते. तर म्हणाले, खोटं सगळेच पेशंट बोलतात, ओळखणं आमचं काम." टपालबाईंनी खुर्ची जरा पुढे घेतली. "तुम्ही ओळखलं होतंत. पहिल्याच दिवशी. तेव्हा मी विचार केला, तुम्ही जाताना त्यांना सांगितलंच असणार, बाई अशी अशी आहे म्हणून. एवढी महत्त्वाची गोष्ट कोण सांगायची विसरेल? सांगितलं होतंत ना?"

त्यांच्या विचारण्यात संशयाचा लवलेश नव्हता, आणि हेच भयंकर होतं. जरा जरी त्यांनी रोखून पाहिलं असतं, तर कदाचित त्याच्या तोंडून खरं निघालं असतं. विभागप्रमुख पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांची मान वर झाल्यासारखं त्याला वाटलं. जागा कायम असली तरी अजून सहा महिने तो परीक्षेच्या मुदतीवर होता. दारावर नुकतंच नाव रंगवलेलं होतं.

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं."

"वाटलंच मला." टपालबाईंनी सुस्कारा सोडला. "वय झालंय त्यांचं. इस्पितळात माझंच नाव तीनदा विचारलं मला. म्हणजे हात नाही गेलेले, नुसतं विसरले. मी सांगेन त्यांना तसं. निदान हातांचं तरी मनातून जाईल."

त्यानं तोंड उघडलं. सांगू नका, असं म्हणायचं होतं. पण मग 'का?' म्हणून त्यांनी विचारलं असतं. आणि मास्तर काय करतील ते त्याला स्वच्छ दिसलं. ते वाद घालणार नाहीत, पायकर खोटं बोलला असं त्यांच्या मनातही येणार नाही. ते डोक्याला हात लावून तो शनिवार आठवायला बसतील, काही केल्या आठवणार नाही, आणि शेवटी म्हणतील, सांगितलं असेल त्यानं. मीच विसरलो.

"घ्या ना माप," टपालबाई म्हणाल्या.

पायकर खाली बसला, टेप मांडीभोवती फिरवली आणि पहिला आकडा कार्डावर लिहिला.